लाइव्ह ट्रान्स्क्राइब प्रयोगशाळेत: ॲप फुकट आहे, पैसे माइकवर घाला

गूगलचे लाइव्ह ट्रान्स्क्राइब समोरच्याचे बोलणे फोनच्या स्क्रीनवर हातोहात अक्षरांत दाखवते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ते आले. फुकट आहे, फक्त अँड्रॉइडवर चालते आणि त्याच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. बँकेच्या काउंटरवर किंवा औषधाच्या दुकानात ते कसे उपयोगी पडते हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. इथला प्रश्न वेगळा आहे. विज्ञान शिकणारा कर्णबधिर विद्यार्थी किंवा संशोधक प्रयोगशाळेत, सेमिनारला, लॅब मीटिंगला आणि व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) या ॲपवर किती भिस्त ठेवू शकतो? शांत खोलीत एकाशी एक बोलताना भरपूर. व्याख्यानात माइक नीट लावला तर बरीच. गटचर्चेत अर्धीमुर्धी. धोक्याच्या सूचनेसाठी शून्य.

आधी हे कोणी केले ते सांगायला हवे, कारण ॲपची रचना त्यातून कळते. गूगलमधले शास्त्रज्ञ दिमित्री कानेव्हस्की हे लहानपणापासून कर्णबधिर असलेले गणिती. त्यांनी आणि त्यांचे सहकारी चेट नेगी यांनी या ॲपची सुरुवात केली. पुढे वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठाने, म्हणजे कर्णबधिरांच्या विद्यापीठाने, ते घडवायला मदत केली. कर्णबधिर शास्त्रज्ञाने स्वतःच्या अडचणीतून साधन काढण्याची ही पहिली वेळ नाही. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातले कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइटब्रेक्ट यांनी जुने टेलिप्रिंटर साध्या फोनच्या रिसीव्हरला जोडणारा मोडेम तयार केला आणि कर्णबधिर माणसे एकमेकांशी फोनवरून टंकून बोलू लागली. टेलिफोनचे पेटंट १८७६ चे. मधली ८८ वर्षे फोन त्यांच्यासाठी भिंतीवरची शोभेची वस्तू होती.

मग ॲपआधी शास्त्रज्ञ काय करत होते? १९७५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले जॉन कॉर्नफर्थ सिडनी विद्यापीठात शिकत असताना त्यांना व्याख्याने ऐकू येत नसत. त्यांनी पाठ्यपुस्तके आणि मूळ शोधनिबंध वाचून विषय पक्का केला. हा मार्ग आजही उत्तम आहे, पण तो व्याख्यानापुरताच. व्याख्यानातले पुस्तकात मिळते. लॅब मीटिंगमध्ये गाइड सहज म्हणून गेले, ‘त्या बॅचचा सॉल्व्हंट ओला होता, ते रीडिंग धरू नका’, तर ते कुठे छापून येत नाही. कर्णबधिर संशोधकाचे खरे नुकसान तिथे होते. म्हणून या ॲपचे मोजमाप व्याख्यानावर न करता अशा सुट्या, घाईच्या, अर्धवट वाक्यांवर करायला हवे.

बसवणे सोपे आहे. काही फोनमध्ये ते आधीपासून असते, बाकीच्यांनी प्ले स्टोअरवरून घ्यावे. मग फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे लाइव्ह ट्रान्स्क्राइब. त्याचा शॉर्टकट चालू करून ठेवा, म्हणजे कोणी अचानक बोलायला आले तर ॲप शोधत बसावे लागत नाही. अक्षरांचा आकार मोठा करा. फोन बाकावर टेकवून दीड-दोन फुटांवरून वाचायचे असते, हातात धरून नाही. एक मुख्य भाषा आणि एक दुय्यम भाषा निवडता येते. मराठी मुख्य आणि भारतीय इंग्रजी दुय्यम ठेवली तर पुढे सोपे जाते. बोलणे काही वेळ थांबून पुन्हा सुरू झाले की फोन थरथरावा ही सोय आहे, कोणी नाव घेतले की थरथरावा हीसुद्धा. दोन्ही चालू करा. मान खाली घालून पिपेटने मोजणाऱ्या माणसाला कोणी बोलते आहे हे कळण्याचा तोच एक मार्ग असतो.

बहुतेक जण एवढे करून फोन टेबलावर ठेवतात, पाच मीटरवरचे प्राध्यापक बोलू लागतात, स्क्रीनवर अगम्य मजकूर येतो आणि ‘मराठी नीट येत नाही’ असा एक तारा देऊन ॲप काढून टाकले जाते. यात मराठीचा दोष थोडा आणि अंतराचा फार मोठा असतो.

आवाजाचे गणित पाहा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. साधे बोलणे एक मीटरवर साधारण ६० डेसिबल भरते. चालू फ्युम हूडचा (घातक वाफा बाहेर ओढणाऱ्या, पंखा लावलेल्या कपाटाचा) आवाज बहुधा ५५ ते ६५ च्या दरम्यान. म्हणजे हूडजवळ उभ्या माणसापासून एक मीटरवर फोन ठेवला तर त्याला बोलणे आणि घरघर जवळपास सारख्याच मापाने मिळते. तीन मीटरवर बोलणे पन्नाशीला येते आणि घरघर तिथेच राहते. तेच माइक कॉलरला, तोंडापासून २० सेंटीमीटरवर लावला, तर बोलणे ७४ डेसिबलच्या आसपास पडते. तीन मीटर आणि २० सेंटीमीटर यांत जवळजवळ २४ डेसिबलचा फरक. वर्गात बोलणे गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबल वर असावे असे श्रवणतज्ज्ञ धरतात. फ्युम हूडच्या खोलीत ते साधलेच तर फक्त कॉलर माइकने.

ॲपमध्येच याची खूण आहे. कोपऱ्यात एकात एक अशी दोन वर्तुळे असतात. आतले खोलीतला गोंगाट दाखवते, बाहेरचे बोलणाऱ्याचा आवाज. दोघांत भरपूर अंतर दिसले तर मजकूर बरा येणार. बाहेरचे आतल्याला चिकटले असेल तर माइक हलवा किंवा बोलणाऱ्याला जवळ बोलवा. स्क्रीनवरची अक्षरे वाचायच्या आधी या वर्तुळांकडे बघायची सवय लावली तर बराच मनस्ताप वाचतो.

माइक कोणता? तारेचा कॉलर माइक काही शे रुपयांत मिळतो आणि एकाच वक्त्यासाठी पुरतो. घेताना पिन बघा. पिनेवर तीन काळ्या रेषा असतील तर ती फोनसाठीची. दोनच असतील तर तो माइक कॅमेऱ्याचा आहे. तो फोनला लावला की फोन त्याला हेडफोन समजतो आणि आवाज स्वतःच्याच माइकमधून घेत राहतो. माइक लावला, वर्तुळेही हलताहेत, तरी मजकूर वाईट येतो आहे, असे झाले तर पहिला संशय याच पिनेवर घ्यावा. माइकवर नखाने हलके टकटक करा. बाहेरचे वर्तुळ एकदम फुगले तर माइक जोडलेला आहे. ॲपच्या सेटिंगमध्ये कोणता माइक वापरायचा हे निवडता येते, तेही एकदा तपासा. ३.५ मिलिमीटरचे भोक नसलेल्या फोनला टाइप-सी माइक घ्या. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ओटीजी (फोनला बाहेरचे उपकरण जोडण्याची सोय) वेगळे चालू करावे लागते आणि काही वेळ न वापरल्यास ते आपोआप बंद होते. चहाच्या सुट्टीनंतर मजकूर अचानक बिघडण्याचे हे नेहमीचे कारण.

बिनतारी कॉलर माइकची जोडी महाग पडते, पण संशोधकाने तीच घ्यावी. एक क्लिप गाइडच्या कॉलरला, रिसीव्हर फोनला. गाइड खोलीभर फिरले तरी अंतर वीस सेंटीमीटरच राहते. रिसीव्हरला चार्जिंगचे वेगळे भोक आहे का ते विकत घेतानाच बघा. स्क्रीन सतत चालू, माइक चालू आणि नेट चालू असताना बॅटरी भराभर उतरते, आणि फोनचे एकमेव भोक रिसीव्हरने अडवलेले असते. ब्लूटूथ इअरबडचा माइक मात्र टाळा. बोलण्यासाठी ब्लूटूथ जोडले की आवाज बऱ्याचदा टेलिफोनसारखा अरुंद होतो, वरचे स्वर कापले जातात, आणि स, श, फ यांची ओळख तर वरच्याच पट्टीत असते. मास्कही हेच करतो. शिवाय ओठ झाकतो, म्हणजे ओठवाचन करणाऱ्याचे दोन्ही रस्ते बंद.

मोठ्या सभागृहात अजून एक फसवी सोय असते: स्पीकरजवळची खुर्ची. आवाज मोठा मिळतो खरा, पण भिंतींवरून परतणारा घुमाराही तेवढाच मोठा मिळतो आणि शब्दांची टोके एकमेकांत मिसळतात. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याला मिक्सरमधून एक वायर मागा. ती थेट फोनच्या माइकच्या भोकात घालू नका. मिक्सरचा लाइन आउट माइकपेक्षा कितीतरी जोरदार असतो, आवाज फाटतो आणि मजकूर कोरा येतो किंवा नुसता कचरा येतो. मध्ये छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस लावला की काम होते. सभागृहात मिळणारा सगळ्यात स्वच्छ मजकूर या वायरीतूनच मिळतो.

आता मराठीकडे. रोजच्या बोलण्याची मराठी ॲपला चांगली येते. प्रयोगशाळेतली मराठी मात्र तीन ठिकाणी अडते.

पहिली अडचण मिश्र बोलण्याची. ‘सोल्युशन हीट करून मग थंड झालं की टायट्रेट करा’ हे आपले सरळ मराठी वाक्य आहे. भाषा मराठी ठेवली असेल तर इंग्रजी शब्द देवनागरीत उमटतात आणि वाक्य वाचता येते. भाषा इंग्रजी ठेवली तर ‘करून मग थंड झालं की’ याचे जे काही होते ते वाचण्यात अर्थ नसतो. म्हणून मराठीत इंग्रजी मिसळून बोलणाऱ्या गाइडसाठी मराठी ठेवा आणि सलग इंग्रजी बोलणाऱ्या पाहुण्या वक्त्यासाठी बटण दाबून इंग्रजीवर जा. एकाच वाक्यात दोन्ही भाषा स्वतःहून सांभाळण्याइतके शहाणपण ॲपकडून धरू नका.

दुसरी अडचण नावांची. सल्फेट, सल्फाइट, सल्फाइड. नायट्रेट आणि नायट्राइट. शेवटच्या अर्ध्या अक्षराचा फरक आणि बाटल्या पूर्ण वेगळ्या. ॲप आधी काहीतरी लिहिते, पुढचे शब्द आले की मागचे बदलते. स्क्रीनवर ‘सल्फाइड’ दिसते आणि वाक्य संपेपर्यंत त्याचे ‘सल्फेट’ झालेले असते. बदल झाला हे लक्षात येते तोवर वाचणारा पुढच्या ओळीवर गेलेला असतो. वाक्य स्थिरावल्याशिवाय त्यातल्या रसायनाच्या नावावर हात हलवू नये. फिनॉल्फथॅलीनसारख्या लांब नावाचे दोन-तीन तुकडे होऊन भलताच शब्द उमटू शकतो. पण तो निदान विचित्र दिसतो म्हणून पकडता येतो. सल्फाइट विचित्र दिसत नाही, म्हणून तो जास्त धोक्याचा.

यावर उपाय आहे. ॲपच्या सेटिंगमध्ये आपले शब्द भरता येतात. सेमिनारच्या आदल्या दिवशी सारांश मागवून त्यातली तीस-चाळीस नावे तिथे घाला: वक्त्याचे आडनाव, उपकरण, प्रथिन, जनुक, अभिकारक. फरक लगेच दिसतो. जवळच्या जोड्यांना मात्र याने फार मदत होत नाही, कारण सल्फेट आणि सल्फाइट दोन्ही त्याला आधीच ठाऊक आहेत. तिथे बोलणाऱ्यानेच सूत्र म्हणावे, ‘एस ओ फोर’.

तिसरी अडचण आकड्यांची, आणि ती खास आपली. बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव यांतला फरक घाईत बोलताना माणसालाही चुकवतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ दोन’ अशा वाचनाची सोय दिल्यावर केवढा गदारोळ झाला होता. भाषेचे काय व्हायचे ते होवो, प्रयोगशाळेत मात्र ‘सहा, दोन’ असे सुटे अंक म्हणणेच बरे. इंग्रजीत फिफ्टीन आणि फिफ्टी यांचे तेच दुखणे. एकक तर लिहूनच दाखवायला सांगा. मिलि आणि मायक्रो यांत हजारपटीचा फरक आहे आणि ओठांवर दोघांचीही सुरुवात ‘मि’ आणि ‘मा’ एवढीच वेगळी दिसते. मात्रा, तापमान आणि वेळ या तीन गोष्टी फळ्यावर किंवा कागदावर, हा नियम ॲप असो वा नसो पाळावा.

लॅब मीटिंगमध्ये ॲपची मर्यादा उघडी पडते. सहा जण टेबलाभोवती, मध्ये फोन. ॲप सगळ्यांचे बोलणे एकाच ओघात लिहीत जाते. हे वाक्य कोणाचे हे ते सांगत नाही. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही हरवते. मजकूर बोलण्याच्या थोडा मागून येतो, आणि तेवढ्यात चर्चा दुसऱ्या मुद्द्यावर गेलेली असते. वाचणारा मान वर करतो तेव्हा पडद्यावरचा आलेख बदललेला असतो. ऐकणाऱ्याचे कान आणि डोळे एकाच वेळी काम करतात, वाचणाऱ्याला दोन्ही कामांसाठी डोळेच. ही अडचण कोणत्याही उत्तम माइकने सुटणारी नाही.

सुटते ती शिस्तीने, आणि शिस्त बाकीच्यांनी पाळायची असते. माइक हातात असलेल्यानेच बोलायचे. बोलण्याआधी नाव घ्यायचे. आलेख दाखवल्यावर दहा सेकंद गप्प राहायचे आणि मग बोलायचे. प्रश्न विचारणारा माइकपासून दूर असेल तर उत्तर देणाऱ्याने प्रश्न आधी पुन्हा म्हणायचा. माइक एकच असल्याने आपोआप एका वेळी एकच बोलतो, आणि गंमत म्हणजे अशी मीटिंग ऐकू येणाऱ्यांनाही लवकर आटोपल्यासारखी वाटते. फोन मध्यभागी ठेवायचाच असेल तर पालथ्या झाकणावर, पुस्तकावर किंवा घडी घातलेल्या कापडावर ठेवा. थेट टेबलावर ठेवला की पेनांची टकटक आणि कपांचा खणखणाट लाकडातून सरळ माइकमध्ये जातो. फोन मुठीत धरताना खालच्या कडेचे बारीक भोक बोटाने झाकले जाते, हेही वारंवार घडते.

मजकूर साठवायची सोय २०१९ मध्येच आली, तीन दिवसांपर्यंत. ती चालू करा, पण मजकूर त्याच संध्याकाळी कॉपी करून वहीच्या फाइलमध्ये टाका आणि मीटिंगमधल्या एका सहकाऱ्याकडून आकडे तपासून घ्या. हा मजकूर इतिवृत्त म्हणून फिरवू नये. ॲप चूक करते तेव्हा ती पूर्ण आत्मविश्वासाने, शुद्ध व्याकरणात करते. आवाज ओळखण्याचे काम गूगलच्या सर्व्हरवर होते. तिथे आवाज साठवला जात नाही असे कंपनी सांगते. तरी पेटंटपूर्व काम किंवा रुग्णांची माहिती असलेल्या चर्चेत आधी गाइडची परवानगी घ्यावी. ती नंतर मागितली तर अविश्वास होतो.

सर्व्हरवर काम होते याचा दुसरा अर्थ असा की रेंज नसेल तर ॲप आंधळे. आणि लेझर, एनएमआर (मोठ्या चुंबकाने रेणूंची रचना तपासणारे यंत्र), इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक या खोल्या कंपन टाळायला हटकून तळघरात. डेटा फारसा लागत नाही, रेंज लागते. संस्थेचे वाय-फाय दर काही तासांनी लॉगिन मागणारे असेल तर ते नेमके व्हायव्हाच्या मध्यावर मागते, म्हणून सुरुवातीलाच नव्याने लॉगिन करून बसावे. २०२२ पासून ऑफलाइन सोयही आहे, पण तिच्या भाषांची यादी ऑनलाइन यादीपेक्षा बरीच लहान. आपल्या फोनवर आपली भाषा त्यात दिसते का ते आधी बघून ती फाइल उतरवून ठेवा. ऑफलाइन मजकूर काहीसा कच्चा येतो, तरी कोऱ्या स्क्रीनपेक्षा बरा.

एनएमआरचा विषय निघाला आहे तर स्पष्ट सांगितले पाहिजे. चुंबकाभोवती ५ गॉसची (गॉस हे चुंबकी क्षेत्राचे माप) रेषा आखलेली असते. फोन तिच्या आत न्यायचा नाही, आणि कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेले ऐकण्याचे यंत्र) असलेल्यानेही आत जायचे नाही. इम्प्लांटच्या आतल्या भागात लोहचुंबक असतो. ही माहिती कामाला लागण्यापूर्वीच द्यायची असते, आणि ती तोंडी दिली जाते तिथेच घोळ होतो. दारावरच्या पाटीवर ती लिहिलेली असावी आणि उपकरण प्रमुखाने नमुना आत ठेवण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे. त्याने कोणाचे संशोधन अडत नाही.

बाकावर फोन वापरताना तो झिपच्या पातळ पारदर्शक पिशवीत ठेवा आणि स्टँडवर डोळ्यांच्या रेषेत, हूडच्या काचेच्या बाहेर. पिशवीतूनही बोट चालते. हातमोजे घातलेल्या हाताने उघडा फोन हाताळून तोच नंतर गालाला लावणे ही चूक प्रयोगशाळेत रोज दिसते. पिशवीने ती टळते. फोनचा माइक पिशवीमुळे दबतो, पण बाहेरचा माइक लावला असेल तर फरक पडत नाही. बॅटरी सेव्हर बंद ठेवा, नाहीतर स्क्रीन विझते आणि मजकूर थांबतो.

ॲपच्या सोबतीला ध्वनीसूचना आहेत. धूर-अलार्म, सायरन, दारावरची थाप, यंत्राची पिपपिप ओळखून फोन थरथरतो आणि स्क्रीनवर दाखवतो. २०२० मध्ये आलेली ही सोय फोनच्या आतच चालते, नेट लागत नाही. सेंट्रीफ्यूज थांबला, टायमर वाजला, कोणी दार ठोठावले एवढ्यासाठी छान. जिवाच्या धोक्यासाठी मात्र अजिबात नाही. स्वतः गूगलही तसे बजावते. घोंघाटात अलार्म बुडतो, फोन पिशवीत असतो, चार्ज संपलेला असतो. वायुगळती आणि आग यांसाठी भिंतीवर लखलखणारा दिवा हवा, प्रयोगशाळेत आणि स्वच्छतागृहातही. तो बसवणे ही संस्थेची जबाबदारी आहे. ‘तुमच्याकडे ॲप आहे ना’ हे उत्तर ऐकून घेऊ नये. बाहेर काढणाऱ्या पंख्याचा प्रवाह बंद पडल्याचे फक्त पिपपिप करून सांगणारे फ्युम हूडही याच यादीत. प्रवाहाचा दृश्य दर्शक नसेल तर काचेच्या खालच्या कडेला टिश्यू पेपरची पट्टी चिकटवा. हवा आत ओढली जात असेल तर ती आतल्या बाजूला झुकलेली दिसते.

ॲपला कर्णबधिरांचे स्वतःचे बोलणे नीट समजत नाही, ही उणीव व्हायव्हात टोचते. कानेव्हस्की यांचे बोलणेही नेहमीच्या यंत्रणेला कळत नसे. गूगलच्या युफोनिया प्रकल्पात त्यांनी १५,००० वाक्ये ध्वनिमुद्रित करून स्वतःपुरती वेगळी यंत्रणा शिकवली. एवढी मेहनत सगळ्यांना शक्य नाही. व्हायव्हात उत्तर द्यायला ॲपमध्येच टंकायची सोय आहे, पण फोनच्या कीबोर्डवर समीकरण टंकत बसू नका. लॅपटॉप पडद्याला जोडा, फळा आणि खडू जवळ ठेवा. परीक्षकांना प्रश्न छोटे आणि एका वेळी एकच विचारायला सांगा. परीक्षकाच्या कॉलरला माइक आणि प्रश्नाची प्रत कागदावर, एवढे असले की उत्तम चालते. दूरून ऑनलाइन जोडलेल्या परीक्षकाचा आवाज लॅपटॉपच्या स्पीकरमधून फोनच्या माइकमध्ये नेण्याची कसरत मात्र करू नये. बैठकीच्या सॉफ्टवेअरची स्वतःची अक्षरपट्टी चालू करावी.

आणखी एका गटासाठी हे ॲप अपुरे आहे, आणि जाहिरातीत तो गट दिसत नाही. ज्यांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे, त्यांच्यासाठी मराठी किंवा इंग्रजी मजकूर ही दुसरी भाषा असते. मिनिटाला १३०–१५० शब्दांच्या वेगाने धावणारा मजकूर वाचणे त्यांना दमवते. त्यांना दुभाषा हवा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १०,००० संज्ञा झाल्या. तरी संशोधनाच्या पातळीवरच्या अनेक शब्दांना खुणा ठरवूनच घ्याव्या लागतात. दुभाष्याला सादरीकरणाच्या स्लाइड दोन दिवस आधी द्या आणि नव्या शब्दांच्या खुणा संशोधकासोबत बसून ठरवू द्या. ॲप तेव्हा पूरक म्हणून बाजूला चालू ठेवता येते, विशेषतः नावांच्या स्पेलिंगसाठी.

आयफोन असलेल्यांनी यासाठी साधासा अँड्रॉइड फोन वेगळा ठेवावा. आयफोनची लाइव्ह कॅप्शन्स ही सोय इंग्रजीसाठी ठीक आहे, मराठी प्रयोगशाळेत तिचा उपयोग नाही. लाइव्ह कॅप्शन याच नावाची सोय अँड्रॉइडवरही आहे, पण ती फोनमध्ये वाजणाऱ्या व्हिडिओसाठी. खोलीतल्या बोलण्यासाठी ती उघडून बसू नका.

परीक्षा विभाग आणि काही प्रयोगशाळा फोन आत नेऊ देत नाहीत. त्यासाठी आयत्या वेळी दारात वाद घालण्यापेक्षा सत्राच्या सुरुवातीला विभागप्रमुखांना अर्ज द्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या वाजवी सोयीच्या तरतुदीचा उल्लेख करा, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत जोडा, आणि मागणी मोघम ठेवू नका. ‘मदत मिळावी’ असे लिहिले की सहानुभूती मिळते, माइक मिळत नाही. फोन आणि ॲपचे नाव, एक बिनतारी कॉलर माइक, सभागृहातल्या मिक्सरमधून वायर, मीटिंगची विषयपत्रिका आदल्या दिवशी, तोंडी परीक्षेचे प्रश्न लेखी, आणि प्रयोगशाळेत लखलखणारा अलार्म दिवा, असे एकेक वेगळ्या ओळीत लिहा. विमान मोडवर (एअरप्लेन मोड) फोन चालणार नाही, नेट लागेल, हेही त्यात लिहा. पर्यवेक्षकांना हीच गोष्ट माहीत नसते आणि ऐनवेळी तिथेच अडते.